टाक की मुष्टिक्षेप?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद, आदरणीय डॉक्टर पुरुषोत्तम गोगटे. व्यासपीठावरचे आपले पाहुणे, इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक श्री. ग्लेन, ज्याला निरोप द्यायला आपण जमलो आहोत तो सत्कारमूर्ती चिरंजीव सुश्रुत वानखडे, आणि अशा हवेत कार्डिफच्या चारी कोपऱ्यांतून आलेल्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सगळ्यांना देवयानीचा मनापासून नमस्कार.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्या समोरचा माणूस सहसा माझं बोलणं ऐकत नसतो, त्यामुळे भाषणाची सवय नाही. पण मंडळाची सेक्रेटरी म्हणून हे काम माझ्याकडे आलं. शिवाय आत वडे तळून तयार आहेत आणि हॉल कौन्सिलला वेळेवर परत करायचा आहे, तेव्हा मुद्द्याचंच बोलते. ग्लेनच्या शेजारी आपल्या अनुपची लेक ईरा बसली आहे, ती त्यांना इंग्रजीत सांगते आहे. ईरा, मी जिथे अवघड बोलेन तिथे नुसती हस.

आता इथे काही नवे चेहरे दिसतात, त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. सुश्रुत तीन वर्षांपूर्वी नागपूरहून इथल्या एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामासाठी आला. त्याचा हाउसमेट ऑस्ट्रेलियन होता. त्यांच्या टीमला माणसं कमी पडत होती. त्याने विचारलं, तुला पळता येतं का? सुश्रुत शाळेत खो-खो खेळलेला. तो म्हणाला, येतं. झालं, एवढ्या भांडवलावर हा मुलगा ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायला लागला.

हा खेळ काय आहे, असं मला अजूनही लोक विचारतात. चेंडू पपईच्या आकाराचा. तो हातात घेऊन पळायचं. दुसऱ्याला द्यायचा तर लाथेने द्यायचा, नाहीतर एका तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून द्यायचा. पण फेकायचा नाही. फेकला की फाउल, चेंडू समोरच्या टीमला. बाकी सगळं चालतं, अंगावर उडी मारलेलीही चालते. फेकलेलं तेवढं चालत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण आजच्या भाषणाचं सगळं दुखणं तिथेच आहे.

आपण मंडळी या खेळाकडे वळलो ते अध्यक्षांमुळे. सुनेत्राकाकू गेल्यानंतर गोगटेकाकांनी मंडळात येणं जवळजवळ बंद केलं होतं. फोन केला तर म्हणायचे, बघतो, जमलं तर येतो, आणि यायचे नाहीत. मग एका संक्रांतीला सुश्रुत त्यांच्या घरी तिळगूळ द्यायला गेला. त्याच्या बॅगेत तो चेंडू होता. काकांनी विचारलं, हे काय आहे? सुश्रुत म्हणाला, शनिवारी या, दाखवतो. आणि काका गेले. का गेले ते त्यांनाच ठाऊक. पुढच्या शनिवारी फोल्डिंगची खुर्ची घेऊन गेले, त्याच्या पुढच्या शनिवारी अनुपला आणि मला घेऊन गेले. सीझन रंगात आला तेव्हा त्या क्लबचा प्रेक्षकवर्ग म्हणजे खेळाडूंच्या मैत्रिणी, दोन-चार कुत्री आणि कार्डिफ मराठी मंडळ.

आता आपल्या लोकांना प्रेक्षक केलं की काय होतं? समीक्षा सुरू होते. व्हॉट्सॲपवर ‘सुश्रुत समर्थक’ नावाचा ग्रुप निघाला आणि त्यातली निम्मी माणसं सुश्रुतच्या विरोधात होती. कारण स्पष्टच बोलायचं तर, सत्कारमूर्ती खेळत बरा नव्हता. निरोपाच्या दिवशी खोटं का बोला?

विरोधी पक्षाचे नेते आपले डॉक्टर अनुप. हाडांचे सर्जन, त्यामुळे ते खेळाडूकडे एक्स-रे बघितल्यासारखे बघतात. त्यांचं म्हणणं, याला डावा पाय फक्त उभं राहायला दिला आहे. चेंडू हातांनी झेलायचा सोडून छातीवर घेतो आणि मग तो उडतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे दोन माणसं अंगावर आली की कच खातो आणि चेंडू फेकतो. प्रत्येक मॅचमध्ये फेकतो. याला नियम कळत नाही की याची हिंमत कमी पडते?

सत्ताधारी पक्षाचे नेते अर्थातच काका. त्यांचं म्हणणं, त्याची पावलं बघा. खो-खोतली पावलं आहेत, समोरच्याला हुलकावणी देऊन कसा सटकतो बघा. पडला की लगेच उठतो. टीम कितीही मागे असली तरी शेवटच्या मिनिटापर्यंत पळतो. आणि फेकण्याचं म्हणाल तर तो पंच आंधळा आहे. हे वाद बाउंड्रीवर सुरू व्हायचे, गाडीत चालायचे आणि कुणाच्या तरी घरी पोह्यांवर संपायचे. काका जोरात भांडायचे. वर्षभर ज्या माणसाचा आवाज आम्ही ऐकला नव्हता तो माणूस डाव्या पायावरून आमच्याशी भांडत होता, आणि मला खरंच फार बरं वाटायचं.

हे असंच चाललं असतं. पण ऑगस्टमध्ये ग्लेननी सुश्रुतला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी एकदा फेकलास तर सीझनच्या शेवटच्या स्पर्धेत तुला घेणार नाही. ग्लेन, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण तुम्हाला एक गोष्ट माहीत नव्हती. त्या स्पर्धेच्या आठवड्यात सुश्रुतचे आई-बाबा नागपूरहून येणार होते. हा शाळेत कायम राखीव खेळाडू, मैदानाबाहेर सतरंजीवर बसलेला. आई-बाबांनी याला कधी खेळताना पाहिलंच नव्हतं. आता पोरगा एका अख्ख्या टीमकडून खेळतो म्हणून तिकिटं काढून झाली होती आणि वडिलांनी त्यांच्या कॉलनीत सांगूनही झालं होतं.

तेव्हा अनुपने आपला मुद्दा एकदाचा सिद्ध करायचं ठरवलं. त्याने घरच्या मैदानावरची एक पूर्ण मॅच फोनवर शूट केली आणि आम्हाला घरी बोलावलं. काका कोपऱ्यात पोहे खात होते. काकांचा कान अधू आहे आणि यंत्र ते खिशात ठेवत, कानाला टोचतं म्हणून. अनुपने क्लिप लावली. बघा, इथे फेकला. बघा, पुन्हा फेकला. आवाज बंदच होता, कारण आमचा आरडाओरडा आम्हालाच सहन होत नाही. मी म्हटलं, पुरावा अर्धवट नको, आवाजासकट लावा.

आवाज लावला. सुश्रुत चेंडू घेऊन पळतोय, दोन माणसं अंगावर येतात आणि बाउंड्रीवरून खणखणीत हाक येते, “टाक!” आणि सुश्रुत टाकतो. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तेच. आवाज कुणाचा हे सांगायची गरज नव्हती. ईराने मात्र सांगितलं, “बाबा, ही आवाज तर आजोबाची आहे.”

ईरा, आता ग्लेनना समजावताना तुझी पंचाईत होणार आहे. मराठीत ‘टाक’ म्हणजे काय? आपण चहा टाकतो, पण तो फेकत नाही. मीठ टाकतो, मेसेज टाकतो, गळ्यात हार टाकतो. काकांच्या मनात ‘टाक’ म्हणजे पुढे दे, मोकळा हो. पण नागपूरच्या गल्लीत क्रिकेट खेळत वाढलेल्या पोराच्या हाताला ‘टाक’ म्हणजे एकच गोष्ट कळते. हात डोक्याला विचारत बसत नाही. थोडक्यात, निदान चुकलं होतं. हिंमत शाबूत होती. आजार मराठीचा होता.

खोलीत सगळे गप्प झाले. काकांनी मान वर करून विचारलं, काय झालं, काय दिसलं? आणि सबंध सीझनभर त्यांच्याशी भांडलेला अनुप म्हणाला, “काही नाही काका, फोनची बॅटरी गेली.” आणि त्याने फोन उलटा करून ठेवला.

मी त्याच आठवड्यात सुश्रुतला गाठलं. म्हटलं, अरे, तू का फेकतोस ते आम्हाला सापडलंय. तो म्हणाला, मला केव्हाच माहीत आहे. बाहेरगावच्या मॅचला काका नसतात, तिथे मी एकदाही फेकलेला नाही. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस, तुझे आई-बाबा येणार आहेत ना? तो म्हणाला, “ताई, मी सांगितलं तर काका घरी बसतील. नुसते ओरडायचे थांबणार नाहीत, यायचेच थांबतील.”

आता काय करायचं? मंडळाने करायचं तेच केलं, बैठक घेतली. काकांना न दुखवता तो शब्द बदलायचा असं ठरलं. आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि सांगितलं की या खेळाला मराठी परिभाषा नाही, ती तुमच्याशिवाय कोण देणार? त्या मुठीच्या ठोशाला एक शब्द द्या, पुढच्या मॅचपासून सगळे तोच ओरडू. अनुपच्या मनात होतं, काका ‘ठोक’ म्हणतील. सुटसुटीत शब्द, टाकच्या जवळचा. काकांनी आठवडाभर विचार केला आणि शब्द दिला, ‘मुष्टिक्षेप’. अनुप हळूच म्हणाला, काका, हा ओरडून होईपर्यंत मॅच संपेल. ‘ठोक’ कसा वाटतो? काका म्हणाले, ठोक हा मंडईतला शब्द आहे. विषय संपला.

मग सीझनमधली घरची शेवटची मॅच आली. मॅचचे चार भाग असतात, त्यातले पहिले तीन काका खुर्चीत बसून राहिले. हाताची घडी घातलेली, तोंडातून अक्षर नाही. ते गप्प म्हणून आम्हीही गप्प. एकदा सुश्रुत दोघांच्या तावडीत सापडला तेव्हा काका उठले, तोंड उघडलं आणि पुन्हा खाली बसले. सुश्रुतने त्या शांततेत आमच्याकडे वळून पाहिलं. तेवढ्यात त्याला आडवा केला, चेंडू गेला आणि त्यावर गोलही झाला. फेकला नव्हता, पण खेळलाही नव्हता.

तिसऱ्या भागानंतरच्या सुट्टीत तो सरळ बाउंड्रीवर आला आणि म्हणाला, “काका, ओरडा ना. तुम्ही गप्प बसले की मला सुचत नाही.”

काका म्हणाले, “मी ओरडलो की तू फेकतोस.”

काका अनुपकडे वळून म्हणाले, “बॅटरी कशी जाईल रे? तुझा फोन चार्जरला लावलेला होता. आयुष्यभर भूल दिली मी, माणसं एकदम गप्प झाली की कान नसले तरी मला कळतं. घरी जाऊन यंत्र कानात घातलं आणि तू ग्रुपवर आधी टाकलेल्या क्लिप ऐकल्या.” राग नव्हता त्यांच्या आवाजात. लाज होती, आणि ती मला रागापेक्षा जास्त लागली. मग ते सुश्रुतला म्हणाले, “मला आधीच सांगायचं होतंस. तुझे आई-बाबा येणार आहेत आणि तू माझी कसली काळजी करत बसलास?”

सुश्रुत म्हणाला, “तुम्ही यावं असं वाटतं, म्हणून.” आणि शिट्टी झाली म्हणून पळत गेला.

शेवटच्या भागात पुन्हा तोच प्रसंग. दोन धिप्पाड माणसं त्याच्या अंगावर. काका खुर्चीतून उठले, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, “मुष्टिक्षेप!” अहो, त्यातलं ‘मु’ ऐकू आलं तेव्हा सुश्रुतने चेंडू तळहातावर घेतला होता, ‘ष्टि’ला मूठ वळली होती आणि ‘क्षेप’ होईपर्यंत चेंडू नियमाप्रमाणे आपल्या माणसाच्या हातात होता. अनुपला जो शब्द लांब वाटला होता, त्या लांबीतच पोराला विचार करायला जागा मिळाली. समोरच्या टीमचा एक जण पंचाकडे तक्रार घेऊन गेला, त्याला वाटलं शिवी दिली.

मॅच आपण हरलोच, ते सांगायला हवं. पण सुश्रुतची जागा राहिली. स्पर्धेत आई-बाबांनी त्याला पळताना, पडताना आणि उठताना पाहिलं. डावा पाय अजून तसाच आहे, अनुपचं ते म्हणणं मी इथे नोंदवून ठेवते. आणि आता ग्लेनसकट सगळा क्लब बाउंड्रीवरून ‘मुष्टी, मुष्टी’ ओरडतो. ‘टाक’ या शब्दाला आपल्या मैदानावर बंदी आहे. काकांनीच घातली आहे.

सुश्रुत, आता तू स्लाऊला नव्या नोकरीवर चाललास. तिथे मराठी माणूस भरपूर आहे, खेळायलाही कुठेतरी जागा मिळेल, पण बाउंड्रीवर काका नसतील. तुझी उणीव आम्हाला भासेल. शनिवारी त्यांची खुर्ची गाडीत टाकायला अनुप जाईलच, शब्द दिला आहे त्याने. मात्र डाव्या पायावरून भांडायचं कुणाच्या, हा प्रश्न उरतोच.

ग्लेन, तुम्ही वेळ काढून आलात, ईरा, तू न थकता इंग्रजी केलंस, अन्नपूर्णांनो, तुम्ही स्वयंपाकघर सांभाळलंत, आणि श्रोतेहो, तुम्ही वड्यांचा वास येत असूनही बसून राहिलात. मंडळातर्फे सगळ्यांचे आभार. बोलता बोलता माझ्या हातून कुठे चेंडू निसटला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल किंवा कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने शिट्टी वाजवू नका.

सुश्रुत, आता अध्यक्ष तुझ्या अंगावर शाल टाकतील. काका, यंत्र कानात आहे ना? मग आजच्यापुरती तुमची बंदी आम्ही उठवतो, काल फोनवर मला म्हणालात ते तुम्हीच त्याला सांगा. नको म्हणता? बरं, त्यांच्या वतीने मी सांगते. सुश्रुत, काकांनी सांगितलंय: मागे बघू नकोस, पाऊल टाक.