तारेनं बांधलेलं दार

नाही सुपरवायझरसाहेब, तुमचं बोलून झालंय. 'भास्करनं घाई केली, त्याचीच चूक' म्हणालात ना? सगळ्यांसमोर म्हणालात. मग सगळ्यांसमोरच ऐका.

कदमकाका, मला खाली ओढू नका. बसा तुम्ही.

माफ करा मंडळी. मालधक्क्यावरचं काम सोडून तुम्ही शोकसभेला विहारात आलात, आयाबाया लांबून आल्यात. मी भास्करमामाची भाची. सावेडीत राहून कॉलेज करते. वक्तृत्व स्पर्धेला जाते म्हणून मामा मला बघितलं की आपल्या हमालांच्या टोळीला ओरडायचा, "भाषणवाली आली, कान झाका रे!" आज मला बोलताच येत नाहीये. मामाच्या फोटोकडं बघून तर नाहीच. म्हणून तुमच्याकडं बघते.

काय झालं ते तुम्हाला माहितीय. पण सकाळपासून सगळे आडून आडून बोलतायत. मी सरळ सांगते. खताची मालगाडी धक्क्याला लागली. एका वॅगनचं दार तारेवर होतं. खटका तुटलेला, म्हणून माल भरणाऱ्यांनी तिकडंच जाड तार पिळून दार बांधलेलं. मामानं तार तोडली. आत पोत्यांची थप्पी दारावर कललेली. दार आलं. दारामागं पोती आली. मामा खाली.

घाई केली म्हणे. गाडी वेळेत मोकळी करा, वेळेत मोकळी करा, हे धक्क्यावर कोण ओरडत होतं? मामा?

थांबा. टाळ्या नकोत. पुढचं तुम्हाला आवडणार नाही.

इथून साखर भरून गाडी जाते, तेव्हा मोडक्या दाराला तार कोण मारतं? तुम्ही मारता. आणि तुमचा मुकादम कोण होता? माझा मामा. दिवाळीच्या सुट्टीत मी भाकरी घेऊन गेले, तेव्हा तो तारच पिळत होता.

मी म्हटलं, "मामा, हे काय?"

"खटका मोडलाय त्याचा."

"मग भरायची कशाला? परत पाठवा."

"आगं येडे, एक वॅगन बाजूला काढायची म्हंजे सगळी गाडी अडकती. साहेब बोंबलतो. तार मारली की झालं."

"आणि तिकडं उघडणाऱ्यानं काय करायचं?"

"त्याचं त्यो बघंल की! त्याला बी हात हायेत."

सगळी टोळी हसली. आठवतंय ना?

तिकडं कुठल्या तरी धक्क्यावर असाच कुणी मुकादम असंच म्हणाला असेल. तिथंही टोळी हसली असेल. आणि उघडणारा माझा मामा निघाला.

नियम काय अवघड आहे? दार मोडकं असेल तर वॅगन भरायची नाही. रेल्वेच्या माणसाला दाखवायची, बाजूला काढायला लावायची. आलेल्या दारावर तार दिसली तर हात लावायचा नाही, आधी कळवायचं. पण रेल्वेवाला म्हणतो, भरणाऱ्यानं बघावं. भरणारा म्हणतो, ठेकेदारानं बघावं. ठेकेदार म्हणतो, मुकादमानं बघावं. मुकादम तिथं आहे. हाराखाली. विचारा त्याला.

उद्या चौकशी आहे. ती तार त्याच दिवशी गायब झाली. ती होती, हे आता फक्त तुम्हीच सांगू शकता. काल मामीनं कदमकाकांना विचारलं, "भावजी, तुमी तर शेजारी हुता. तार हुती का न्हवती?"

काका म्हणाले, "वयनी, मला नीट आठवंना."

काका, मामाच्या अंगावरची पोती तुम्ही ओढलीत. त्याबद्दल मी तुमच्या पाया पडते. पण तुमच्या हाताला पट्टी आहे. खताच्या पोत्यानं हात कापतो का हो?

मला कळतं. टोळीचं काम जाईल, दुसरी टोळी आणतील. भीती खोटी नाही. पण उद्या तुम्ही गप्प बसलात तर माझा मामा बेफिकीर ठरेल. मामीच्या हाती भरपाईचं काही लागणार नाही. आणि परवाच्या गाडीला पुन्हा तार असेल. ती कोण तोडेल? तुम्हीच ना?

तार होती म्हणालात तर पुढचं पण विचारतील. तुम्ही मारता का? मारतो म्हणा. कुणी शिकवलं विचारलं तर मामाचं नाव घ्या. खुशाल घ्या. मामीला विचारूनच बोलतेय मी हे. तिनं एवढंच सांगितलं, "खरं सांगा म्हनावं, त्यांचं बी सांगा."

आता श्रद्धांजलीला उभं राहायचं असतं. सगळेच उभे राहतात, शेजारचा उठला म्हणून आपण उठतो. आज तसं नको. उद्या चौकशीत 'तार होती' असं जो म्हणणार असेल, त्यानंच उठायचं. बाकीच्यांनी बसूनच हात जोडा. मामाला राग येणार नाही.

आणि कोण उठलं, कोण बसलं, हे मी बघणार नाही. माझ्या तोंडाकडं बघून कुणी उठायला नको. आम्ही निघतो.

ऊठ मामी. मागं बघू नकोस.

जय भीम, मामा.