बत्ताशाच्या रडण्याची भाकरी

मंडळी, एक सवाल टाकतो. सल्ला देणारे गल्लोगल्ली. त्यातला खरा ओळखायचा कसा? वयावरून? पदवीवरून? आवाजावरून? — आवाजावरून म्हणाल, तर मग आम्ही कीर्तनकार सगळ्यांत शहाणे! पेटीवाले बुवा हसले. त्यांनाही शंका आहे.

उत्तर आत्ता नको. आधी गोष्ट.

त्र्यंबकनाना धोत्रे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बाजारपेठेमागं एक बैठी चाळ, तिच्यातली शेवटची खोली त्यांची. बायको गेली. तेराव्याला चाळ लोटली होती. चौदाव्याला — कोणी नाही! माणसं वाईट नव्हती हो. नानाच कुणाला हाक मारणारे नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बरं आहे." मग लोकांनाही वाटलं — बरं आहे!

एक दिवस गटाराच्या कडेला कुत्र्याचं पांढरं पिल्लू सापडलं. घरी आणलं. नाव ठेवलं बत्ताशा. आणि मंडळी, ज्या खोलीत दिवसभर फक्त घड्याळ बोलायचं, तिथं नाना बोलायला लागले! "ए, चप्पल सोड. अरे, ती तिची आहे."

तिची. बायकोची. अजून दाराशीच होती.

पण नाना कुलूप लावून दूध आणायला बाहेर पडले, की बत्ताशा गळा काढायचा. ऊऽऽऽ! आणि कुत्र्याचं रडणं म्हणजे आपल्याकडं काय? बोला की! घाबरता कशाला? — अपशकुन! त्यात शेजारच्या शालनवहिनींच्या यजमानांना नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेला. वहिनी तडक दारात! "नाना, सोमवारच्या बाजारापर्यंत हे गप्प झालं तर ठीक. नाहीतर नदीपलीकडं सोडून या. माझं कुंकू आहे इथं!"

नाना "बरं" म्हणाले. आत आले. पिल्लू मांडीवर घेतलं. सोमवारनंतर ही मांडी —

जाऊ दे. पुढं ऐका.

सल्ले सुरू! हिंदुराव टेलर म्हणाले, "वर्तमानपत्राची गुंडाळी करा आणि हाणा एक!" नानांनी गुंडाळी उगारली. बत्ताशाला वाटलं खेळ, शेपटी हलवायला लागला. नानांनी गुंडाळी उलगडली आणि बातम्या वाचल्या. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, मोबाईलवर व्हिडिओ बघा." एक व्हिडिओ म्हणतो, जवळ घ्या. दुसरा म्हणतो, अजिबात घेऊ नका! पुजारी म्हणाले, "काळा दोरा बांधा." बांधला. बत्ताशानं दोरा खाल्ला, आणि वर — ऊऽऽऽ!

शेवटी नाना गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर नाझनीन मुल्ला म्हशीला इंजेक्शन देत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, आणि सल्ला — दिलाच नाही! उलट विचारलं, "नाना, ते रडल्यावर पुढं काय होतं?"

"मला काय ठाऊक? मी बाहेर असतो."

"मग आधी ते बघून या."

नानांनी कुलूप लावलं, वळसा घातला आणि पाण्याच्या टाकीमागं लपले. स्वतःच्याच घरावर चोरासारखी नजर! बत्ताशानं सूर लावला. आणि — शालनवहिनी धावत आल्या! पदराखाली भाकरी! खिडकीतून तुकडा आत टाकला. "खा रे लेकरा. गप रे. आमच्या ह्यांच्यावर काही आणू नकोस." त्या गेल्या न गेल्या तोच हिंदुराव! इकडंतिकडं बघत बिस्कीट! मग कोपऱ्यावरच्या आजी दहीभात घेऊन! अपशकुनाचं तोंड बंद करायला जो तो चोरून नैवेद्य दाखवतोय! मग पिल्लू काय शिकलं? रडलं की भाकरी! शिकवलं चाळीनं, आणि चाळच म्हणते, घालवा ह्याला!

हसलात. आता हसू नका.

नाना टाकीमागून बाहेर येईनात. त्यांच्या खिडकीशी माणसं उभी होती. वहिनी "लेकरा" म्हणत होत्या. आपण पुढं झालो, तर सगळे पांगतील. म्हणून उभे राहिले तिथंच. स्वतःच्या दारातली वर्दळ लांबून बघत.

मग दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिल्लू हुशार आहे हो! आता माणसांना शिकवा. रडत असताना कुणी फिरकायचं नाही. गप्प झालं की जायचं, तेव्हाच द्यायचं. आणि तुम्ही आधी नुसते कोपऱ्यापर्यंत जा, लगेच परत या. माणूस परत येतो, हे कळू दे त्याला."

जन्मात कुणाचं दार न वाजवलेले नाना दारोदार फिरले. वहिनी ओशाळल्या.

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"आणि रडलं तर? नुसतं ऐकत बसायचं?"

"हो. गप्प झालं की या."

अवघड हो! तिकडं बत्ताशा रडतोय, इकडं वहिनी चौकट धरून रामनाम घेतायत, आणि यजमान आतून ओरडतायत, "अगं, मी आहे अजून!" पण धीर धरला. गप्प झाला की भाकरी. हळूहळू रडणं तुटक झालं. सोमवारी नाना बाजार करून आले, तर चाळ चिडीचूप. बत्ताशा राहिला!

टाळ्या? थांबा.

रडणं संपलं तशी भीती संपली. भीती संपली तशी भाकरी. आता खिडकीशी कोण येणार? पिल्लू शहाणं झालं, आणि दार पुन्हा ओस.

मग एका दुपारी शालनवहिनी वाढता वाढता थांबल्या.

"काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"शेवटच्या खोलीत फार शांत आहे."

"मग बरंच की!"

"अहो, गप्प असलं की जायचं, असं ठरलं होतं."

गेल्या. बत्ताशा नानांच्या पायावर झोपलेला. नाना भिंतीकडं तोंड करून बसलेले.

"नाना, जेवलात का?"

बरं आहे, म्हणायला नानांनी तोंड उघडलं — आणि हुंदका फुटला! मोठ्यानं! चाळभर ऐकू गेला!

रडताना फिरकायचं नाही, हा नियम. पण तो पिल्लाला हो! वहिनी उंबऱ्यावरच बसल्या. घरी वाढलेलं ताट निवलं तरी उठल्या नाहीत.

तर मंडळी, खरा सल्लागार तो, जो आधी विचारतो आणि बघून ये म्हणतो. पण एवढंच गाठीला बांधून उठू नका. जो ओरडतो, त्याच्याकडं आपण धावतो — कशाला? त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून! आणि जो गप्प आहे, त्याच्याकडं?

टाळ थांबवा. पेटी थांबवा. कुणी बोलू नका.

—

—

आत्ता ह्या शांततेत कुठलं दार डोळ्यांपुढं आलं? नाव मला सांगू नका. जाताना प्रसादाचे दोन द्रोण घ्या. एक तुमचा. दुसरा घरी नेऊ नका.