तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा

दिएगो : नाही गं आत्या, आधी ऐक तर. तो दर्यापलीकडचा कप्तान तलवार काढणार, मग गवत उपटून चारी दिशांना फेकणार, मग त्यांचा लेखनिक विचारणार, कुणाची हरकत आहे का? तीनदा विचारतात. तेव्हाच बोलायचं. एकदा तिसरं विचारून झालं की शेत त्यांच्या राजाचं.

पापान : गवत कुठलं? माझ्या शेतात मक्याशिवाय काही उगवू देत नाही मी.

दिएगो : मग मका उपटतील. नव्या गावाचा चौक तिथंच काढतायत, मधोमध खांब. गावाचं नाव सान लुकास.

पापान : बगळ्याचं पाणी म्हणतात याला, माझ्या पणजीपासून. हा लुकास कधी आला होता इकडे?

दिएगो : आला नव्हता, त्यांचा संत आहे तो, आज त्याचा सण आहे. काल पोचले असते तर दुसऱ्या कुणाचं नाव ठेवलं असतं.

पापान : आणि तुझं दिएगो?

दिएगो : ते तसंच. त्यांच्या पाद्र्यानं पाणी घातलं डोक्यावर, झालं.

पापान : तीनदा विचारलं होतं?

दिएगो : एकदाच. मी मान हलवली. आत्या, निघाले बघ ते.

पापान : आजवर कुणी हरकत घेतलीय?

दिएगो : मागच्या दोन गावांत नाही. विचारतात त्यांच्या भाषेत, आपली माणसं गप्प. लिहितात, सगळे राजी.

पापान : तू होतास की तिथं. दुभाषी म्हणून.

दिएगो : कप्तान म्हणाला, एवढं सांगायची गरज नाही.

पापान : दुसऱ्यांची शेतं होती तेव्हा तोंड शिवलेलं होय रे तुझं?

दिएगो : शिव्या घाल, पण नंतर घाल.

(तलवार निघते. भरल्या कणसांची दोन ताटं मुळासकट उपटली जातात.)

लेखनिक : तिसऱ्यांदा विचारतो. कुणाची हरकत आहे?

दिएगो : आत्या, आत्ता बोल.

पापान : आहे. शेत माझं आहे. मी कुणाला दिलेलं नाही.

लेखनिक : बाई काय म्हणते रे?

दिएगो : ती...

लेखनिक : आशीर्वाद मागतेय का?

दिएगो : हरकत आहे म्हणते, धनी. शेत तिचं आहे, तिनं कुणाला दिलेलं नाही.

लेखनिक : कागद कालच लिहून झालाय. 'कुणीही हरकत घेतली नाही.' कप्तान बघतोय, पाठीची कातडी हवी असेल तर गप्प राहा.

दिएगो : समासात जागा आहे, धनी. मी हळू सांगतो, तुम्ही लिहा.