भरलेलं काडतूस वाजत नाही

(मोंटानातलं उघडं माळरान, सकाळ. म्हातारा आयनर बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणाऱ्या आपल्या जुन्या रायफलीमागे पालथा पडून नेमबाजीचा सराव करतोय. बायको वर्ना शेजारी खुर्चीवर, दुर्बिणीला डोळा लावून. समोर दूर टेकडीवर नेमासाठी उभा केलेला लोखंडी पत्र्याचा गवा.)

वर्ना: गोळी खाली गेली.

आयनर: किती खाली?

वर्ना: गव्याच्या पायाखाली. नुसती माती उडाली.

आयनर: नेम धरायची साईटच सरकतेय. स्क्रू ढिला झालाय म्हणून सांगत होतो तुला.

वर्ना: आधीच्या दोन पोटात लागल्या. स्क्रू काय लहर आली की ढिला होतो?

आयनर: काय?

वर्ना: म्हटलं, आधीच्या दोन पोटात लागल्या. साईट तीच, स्क्रूही तोच.

आयनर: ओरडू नकोस. एक कान अजून शाबूत आहे.

वर्ना: नळीत फुंकर मारलीस?

आयनर: मारली.

वर्ना: नाही मारलीस. साईटशी खेळत बसलास. आतली काजळी वाळली की पुढची गोळी कुठे जाईल ते देवालाही कळायचं नाही. तूच शिकवलंस मला, लग्नाच्या आधी.

आयनर: हं, मारली. झालं समाधान? आता काडतूस दे. शनिवारी स्पर्धा आहे आणि तू पाद्र्यासारखी प्रवचन देतेयस.

वर्ना: थांब जरा.

आयनर: आता काय?

वर्ना: हे वाजतंय.

आयनर: काय करतंय?

वर्ना: वाजतंय. कानाशी हलवलं की आत खुळखुळतं.

आयनर: भलतंच काय. काळी दारू गळ्यापर्यंत भरायची, वर पुठ्ठ्याची चकती, मग गोळी दाबून बसवायची. आत मुंगीलासुद्धा जागा ठेवायची नाही. भरलेलं काडतूस वाजत नाही, वर्ना.

वर्ना: ठाऊक आहे. म्हणून तर सांगतेय.

आयनर: दे इकडे. मला तर काही ऐकू येत नाही.

वर्ना: तुला चर्चची घंटाही ऐकू येत नाही. दोन बोटांत धरून हलव, बोटांना कळेल... कळलं?

आयनर: कळलं.

वर्ना: अर्धंच भरलंय. हे उडवलं असतंस तर?

आयनर: तर गोळी खाली गेली असती, मघासारखी.

वर्ना: आत पोकळी राहिली की भडका उलटतो, नळी फुगली असती. नाहीतर फुटली असती, तुझ्या गालाशी. लॉइडची फुगली तेव्हा क्लबभर सांगत फिरलास, त्याच्या हातात बंदुकीची दारू देऊ नका, विणायच्या सुया द्या म्हणून.

आयनर: लॉइड पिऊन भरायला बसायचा.

वर्ना: आणि तू?

आयनर: मी कॉफी पीत होतो. मध्येच फोन आला असेल, कुत्रं भुंकलं असेल. माणूस आहे, होतं एखाद्या वेळी.

वर्ना: हेही वाजतंय. आणि हे.

आयनर: किती आहेत?

वर्ना: मोजत नाहीये. बाजूला ठेवतेय.

आयनर: मागच्या महिन्यात दोन खाली गेल्या, तेव्हा तू वारा म्हणालीस.

वर्ना: म्हणाले.

आयनर: आडवा वारा गोळी बाजूला नेतो. इतकी खाली नेत नाही.

वर्ना: मग तेव्हाच का नाही बोललास?

आयनर: मलाही वाराच हवा होता.

वर्ना: घाबरले होते रे. शेगडीवर पातेलं ठेवून तू गुरं बघायला निघून गेलास. गाडीची किल्ली फ्रीजमध्ये सापडली. त्यावर आणखी हे कसं काढू? तुझ्याकडून एवढंही घेतलं तर तुला उरतं काय, याचाच विचार करत राहिले.

आयनर: काडतूस हातात घेतो आणि दारू घातली की नाही तेच आठवत नाही. मी नरसाळ्याकडे बघतो, नरसाळं माझ्याकडे. मग वाटतं, घातली असेल.

वर्ना: मला हाक मारायचीस.

आयनर: हाक मारून काय सांगू? आयनर होव्हलँडला काडतूस भरता येत नाही? अख्ख्या खोऱ्यातली पोरं माझ्याकडून शिकून गेली.

वर्ना: मीही तुझ्याकडूनच शिकले.

आयनर: तू कधी एक भरलं नाहीस.

वर्ना: शेजारी बसून विणत होते, डोळे मिटून नव्हते. शिसं मी वितळवून दिलं. गोळीला लावायचं मेणही माझ्याच पातेल्यात, ते अजून निघालेलं नाही.

आयनर: मग?

वर्ना: मग आता मी भरणार. तू शेजारी बसायचं आणि चुका काढायच्या. ते काही तू विसरणार नाहीस.

आयनर: आणि शनिवारची?

वर्ना: शनिवारचीसुद्धा मीच. ही खुळखुळणारी घरी नेऊन उघडायची.

आयनर: लोक विचारतील.

वर्ना: विचारू देत. सांग, बायकोने भरली.

आयनर: आणि एक दिवस मला नेमही धरता आला नाही, तर?

वर्ना: तेव्हा तेही सांगेन.

आयनर: नक्की? गोळी लोखंडावर आपटल्याचा आवाज मला ऐकू येत नाही, एवढ्या लांबची खूण दिसत नाही. गोळी कुठे गेली ते मला फक्त तुझ्या तोंडून कळतं. तूच खोटं बोलायला लागलीस तर मी कुठवर आलोय, तेच मला कळायचं नाही.

वर्ना: चुकलं माझं. यापुढे जे दिसेल ते सांगेन.

आयनर: मग एक दे. तुझ्या कानाने निवडून.

वर्ना: हे घे. गच्च आहे, दोनदा हलवून पाहिलं. आधी फुंकर.

आयनर: मारली. बघितलीस ना?

वर्ना: बघितली. साईटला हात लावू नकोस.

आयनर: नाही लावत. दुर्बीण धर.

वर्ना: धरलीय.

आयनर: ...लागली?

वर्ना: नाही.

आयनर: कुठे गेली?

वर्ना: उजवीकडे. शेपटीच्या पलीकडे, चांगली हातभर.

आयनर: वारा होता?

वर्ना: नाही, आयनर. गवत हललंसुद्धा नाही.