बाटलीवरचं नाव

वहिनी : तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, भावजी. डॉक्टरीणबाई आल्या की नुसती मान हलवायची.

दीर : पण वहिनी, त्यांना सांगायला नको?

वहिनी : काय सांगणार? डेपोच्या तपासणीत ह्यांच्या नावाच्या बाटलीत तुमची लघवी होती म्हणून? बसवरून उतरवतील ह्यांना. नोकरी गेली की डेपोकडून उपचार होतायत तेही बंद. मग काय तुमच्या रंगाच्या दुकानात झोपवणार आहात?

दीर : साखर निघेल म्हणून घाबरला होता तो. स्टिअरिंग सुटलं तर करू काय म्हणाला. मला वाटलं, बाटलीभर तर मागतोय, रक्त थोडंच मागतोय!

वहिनी : हो, आणि घरी येऊन दोघं खिदळत होतात. मीही हसले, मेलीला अक्कल नव्हती! शू, आल्या.

डॉक्टर : बसा ना. किडनीतला तुकडा काढला होता, त्याचा रिपोर्ट आला. सरळच सांगते. लिम्फोमा आहे. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. त्या पेशी दोन्ही किडन्यांत शिरून बसल्यात.

वहिनी : अहो, पण ह्यांचे तर नुसते पाय सुजले होते! कुठे गाठ नाही, काही नाही...

डॉक्टर : गाठ बाहेर दिसेलच असं नसतं. जुन्या दुखण्यात किडनी बहुधा आक्रसते. सोनोग्राफीत ह्यांच्या मोठ्या दिसल्या, तेव्हाच खटकलं होतं मला. पण डेपोचा पाच महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट अगदी स्वच्छ. म्हटलं, कंबरदुखीच्या गोळ्यांनी अचानक बिघडलं असेल, गोळ्या बंद करून बघू. त्यात तीन आठवडे गेले.

दीर : तीन आठवडे? त्या रिपोर्टपायी?

वहिनी : भावजी!

डॉक्टर : त्याचंच विचारायचं होतं. पेशी हळू वाढणाऱ्या दिसतात, आणि रिपोर्ट म्हणतो सगळं पाच महिन्यांत झालं. काही जुळत नाही. हाडातला मगज तपासू, पूर्ण अंगाचा स्कॅन करू. पण आजार मध्येच वेगाने उसळला असेल, तर औषध फार कडक द्यावं लागेल. ते ह्या किडन्यांना झेपेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

वहिनी : म्हणजे जिवाला धोका?

डॉक्टर : आहे.



वहिनी : ती लघवी ह्यांची नव्हती.

डॉक्टर : कुठली?

वहिनी : तपासणीतली. ह्या भावजींची होती. काय शिव्या घालायच्या त्या घाला, डेपोला कळवायचं तर कळवा. पण त्या कागदाच्या भरवशावर ह्यांना काही देऊ नका हो. माणूस राहू दे, नोकरीचं बघू आम्ही.

डॉक्टर : शिव्या नाही घालत, आणि डेपोला कळवायचं माझं काम नाही. बोललात ते फार बरं केलंत. मग मी मागच्या वर्षीचा रिपोर्ट धरते. तोही चांगला होता.

वहिनी : हो, तो ह्यांचाच. हा उपद्व्याप यंदाच केला.

दीर : नाही, वहिनी.

वहिनी : काय नाही?

दीर : यंदाच नाही. सहा वर्षं माझीच जातेय.

वहिनी : सहा वर्षं! आणि मला कोणी काही सांगितलं नाही?

डॉक्टर : थांबा, ताई. तुम्ही सांगा, लघवीला फेस येतो असं ते कधी म्हणाले होते?

दीर : म्हणाला होता. दोन वर्षं झाली. डॉक्टरला दाखवू का, असं मला विचारलंही त्याने.

वहिनी : मग? तुम्ही काय म्हणालात, भावजी?

दीर : म्हटलं, नको दादा, उगाच काहीतरी निघेल. तू बाटली आण इकडे.