पेटीचा नंबर

खिडकीतून रुमाल टाकून वैजयंतीनं अक्कलकोटच्या एस.टी.त जागा धरली आणि पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच पुढच्या बाकावरचं बापलेकीचं बोलणं तिच्या कानावर आलं.

“पूनम, टीव्हीवर तुज्या आईचं फोटू दिसंनात बघ. तू ती फोटू साठवायची पेटी बसवून गेलीस, दोनच दिस दिसलं. माज्या हातनं पुसलं की काय?”

“पुसतील कसे, आप्पा? फोटो पेटीतच हायेत. तुमी मेन स्विच बंद करता का?”

“मेंढरं घेऊन निघताना रोजच करतो की.”

“मग तितंच घोळ हाय. लाइट लावली की वायफायचा राउटर घरातल्या सगळ्या यंत्रांना नव्यानं नंबर वाटतो. पेटी उठायला वेळ लावते, तोवर तिचा नंबर तुमचा फोन घेतो. टीव्ही बसतो जुन्या नंबरावर पेटीला शोधत.”

“म्हंजे आता स्विचला हात लावू नगं?”

“लावा की. घरी गेल्या गेल्या राउटरमधी तिचा नंबर राखून ठेवते, आपण एस.टी.त रुमाल टाकतो तसा. कितीबी उशिरा उठू दे, तिची जागा तिलाच.”

“आन् फोन?”

“त्याला दुसरा मिळतोय.”

“झाक. लई घोर लागला हुता.”

“आज मला न्यायला निघताना केला का बंद?”

“केला की. तुजी आई दारातनं इचारायची न्हवं, ‘स्विच बंद केला का?’ म्हणून. आजबी अर्ध्या वाटंवरनं माघारी गेलो.”