संतोषचा घोटा

मसाज म्हंजी आराम, असं कुणी म्हणालं की मला आमचा संतोष आठवतो. वरवंडच्या कबड्डी संघात चढाईला तोच. त्याची मांडी आखडली आन् गडी लंगडायला लागला. जत्रेचे सामने तोंडावर आलेले, म्हणून मी त्याला गाडीवरनं दौंडला नेला. तिथं एक ताई खेळाडूंचे आखडलेले स्नायू दाबून मोकळे करतात.

"पालथे झोपा, अंग सैल सोडा," ताई म्हणाल्या.

"सोडलंय की," संतोष म्हणाला. अंग कसलं, नुसता ओंडका.

"मग श्वास का धरलाय? तो पण सोडा."

"ताई, चढाईत दम सोडला की गडी बाद."

ताईंनी पाय ताणायला त्याचा घोटा धरला. धरल्याबरोबर ह्यानं अशी झेप घेतली की टेबलावरनं थेट खाली, आन् हात दाराच्या उंबऱ्यावर. मधली रेषा शिवल्यावानी.

ताई शांतपणे म्हणाल्या, "पॉइंट तुमचा. आता वर या. घोटा धरला की दम सोडायचा आणि अंग ढिलं टाकायचं, एवढं डोक्यात पक्कं बसवा."

त्यानं ते बसवलं. चार-पाच खेपांत मांडी मोकळी झाली, गडी पळायला लागला.

जत्रेत पहिल्याच चढाईला समोरच्या गड्यानं त्याचा घोटा धरला. संतोषनं डोळे मिटले, लांब दम सोडला आन् मातीत निवांत पडून राहिला.

बाद होऊन बाहेर आला तवा मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "काय बी म्हण, मांडी जरा सुदीक दुखली न्हाई."